नारळावरचं टोपडं

मे महिन्यात, अंगाला साडीचा पदरसुद्धा नकोसा होतो अशा भर दुपारी, आमची आई मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसायची. परळच्या आमच्या चाळीत पंखा फिरायचा, पण त्याचा वारा कुणाकडे जायचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. बाकीच्या बायका सकाळी गच्चीवर कुरडया घालून, दुपारी पन्हं पिऊन लवंडलेल्या असत. आई मात्र दाराच्या चौकटीला टेकून, मानेभोवती ओला पंचा गुंडाळून सुया चालवायची. घामाने लोकर मळते आणि सुई अडते, म्हणून शेजारी पावडरचा डबा. दोन-चार ओळी झाल्या की तळहातावर पावडर, पुन्हा सुया. तिने विणलेल्या कशालाही नाक लावा, आधी पावडरचा वास यायचा. चाळीत तिचं नाव कुणी घेत नसे. सगळ्यांची ती लोकरमावशी.

समोरच्या खोलीतल्या सावंतमावशी येता-जाता टोमणा मारायच्या, "काय गो, हिमालयात जातलंस काय?" आई टाके मोजत असेल तर उत्तर मिळायचं नाही. टाके मोजताना आईशी बोलायचं नाही हा आमच्या घरातला पहिला कायदा होता. मोजून झाले की ती शांतपणे म्हणायची, "थंडी पडल्यावर विणायला बसलं तर स्वेटर होईपर्यंत थंडी जाते. तहान लागल्यावर विहीर खणायची माझी पद्धत नाही." मुंबईत थंडी अशी पडते तरी किती, हा प्रश्न तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

विणकाम ती चाळीमागच्या कामगार केंद्रातल्या वर्गात शिकली. तेव्हा गिरण्या बंद पडत चालल्या होत्या आणि प्रत्येक घरातली बाई काहीतरी शिकत होती. कुणी शिवण, कुणी मसाले, कुणी बालवाडी. आईच्या हाती सुया आल्या. बाबा गिरणीत साचाखात्यात होते. फिरत्या साच्यावर सूत तुटलं की ते चटकन सांधायचं, यात त्यांची अर्धी हयात गेलेली. गिरणी गेली, पण सवय गेली नाही. कुठेही सुटा धागा लोंबताना दिसला की बाबांचा हात आपोआप तिकडे जायचा. माझ्या शाळेच्या युनिफॉर्मचे, पिशवीच्या बंदाचे, एकदा तर जिन्यात भेटलेल्या अनोळखी पाहुण्याच्या बाहीचे धागे त्यांनी बोलता बोलता गाठीत बांधून टाकले होते. आई म्हणायची, "यांना उद्या देवाच्या दारात उभं केलं तरी आधी देवाच्या सोवळ्याचे धागे बघतील."

आईच्या सुयांवरून आम्हाला घरातलं हवामान कळायचं. सुया संथ चालल्या की सगळं ठीक. टकटक वाढली की कुणावर तरी राग आहे, आणि तो कुणावर हे ज्याने त्याने ओळखून घ्यायचं. सुया थांबल्या की मात्र आम्ही खरंच घाबरायचो. चुकलं की ती क्षणाचा विचार न करता वीतभर विणलेलं उसवायची. मला जिवावर यायचं. "एवढं केलेलं का उसवतेस? कुणाला दिसणारे ती चूक?" तर म्हणायची, "उसवायला लाज वाटली की शेवटी बोळा हातात येतो." पुढे मी नोकरीतल्या एका भांडणात अडकले तेव्हा हेच वाक्य तिने फोनवर मला ऐकवलं होतं, आणि ते तिथेही लागू पडलं.

माप घ्यायला तिला टेप लागत नसे. मोठ्यांचं माप वितीने. मोजा करायचा तर पायाला हात न लावता, मूठ वळायला सांगून; मुठीचा घेर तेवढंच पाऊल, असा तिचा हिशोब. आणि तान्ह्या बाळाच्या टोपड्याला नारळ. चाळीत कुणी बाळंतीण झाली की आमच्या फडताळावर सोललेला नारळ यायचा आणि त्याच्या डोक्यावर पिवळं किंवा पांढरं टोपडं चढायचं. शेंडीवाल्या नारळाला टोपडं घातलेलं बघून आम्ही दोघी बहिणी हसून लोळायचो. आई हसायची नाही. नारळ फिरवून ती चारी बाजूंनी वीण बघायची. मग बाळाला टोपडं आणि आम्हाला नारळाच्या वड्या.

बाळ यायच्या आधी त्याचं काही नवीन करायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. आई तिला पूर्वी हसायची. माझी धाकटी बहीण मंजू पहिल्यांदा गरोदर राहिली तेव्हा आईने आनंदाच्या भरात टोपडं, झबलं, मोजे, शाल सगळं आधीच विणून, टाके बंद करून, ट्रंकेत ठेवलं. ते मूल घरी आलं नाही. कुणी आईला काही बोललं नाही. बोलायला कारणच नव्हतं. पण ट्रंक तिने वर माळ्यावर टाकली आणि त्या दिवसापासून तिचा स्वतःचा एक नियम झाला. विणायचं, कारण विणल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. पण शेवटचे टाके सुईवर तसेच उघडे ठेवायचे. "माणूस आल्याशिवाय टाके बंद करायचे नाहीत." मला हे पटायचं नाही. आजही पटत नाही. पण तिच्या तोंडावर ते म्हणायची हिंमत तेव्हा झाली नाही.

मंजू दुसऱ्यांदा बाळंतपणाला माहेरी आली ती ऐन उन्हाळ्यात. डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलेलं. दीड खोलीचं घर, खाटेवर मंजू, खाली आई, दारात बाबा. मी रोज ऑफिस सुटलं की दादरहून थेट तिथे. त्या वर्षी आई गावाला गेली नाही, पापड घातले नाहीत, गावाहून आलेली आंब्याची पेटी वेळेवर उघडली नाही म्हणून खालचे आंबे लागले, तरी ती कुणाला बोलली नाही. बाळासाठीची मऊ लोकर रिठ्याच्या पाण्यातून काढून वाळवली आणि टोपडं विणायला घेतलं. सुया इतक्या हळू चालत होत्या की मला धास्ती वाटायची. मंजू कुशीवर वळली की सुया थांबायच्या. ती "काही नाही गं" म्हणाली की पुन्हा सुरू. बाबा रेडिओ लावायचे आणि आवाज इतका बारीक ठेवायचे की तो लावलाच कशाला, असं वाटे.

एका दुपारी आई भाजीला खाली गेली. टोपडं पूर्ण झालं होतं. शेंड्याचे टाके तेवढे नियमाप्रमाणे सुईवर उघडे होते. बाबांनी खुर्ची सरकवली, खुर्चीच्या पायाखाली लोकर आली आणि तुटली. आता बाबांसमोर काय होतं? सुटा, लोंबता धागा. आईला आयुष्यभर बघत आलेल्या त्या माणसाने धाग्याचं टोक सगळ्या टाक्यांतून ओवलं, सुई काढून घेतली, धागा ओढून शेंडा आवळला आणि गिरणीतली, कधी न सुटणारी गाठ मारली. वर ते टोपडं नारळाला घालून फडताळावर ठेवलं. शाबासकी मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती.

शनिवारचं ऑफिस अर्धा दिवस, म्हणून मी तेव्हा नुकतीच पोचले होते. आई पिशवी घेऊन दारात आली, तिने फडताळाकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "सुटं होतं, म्हणून बांधलं."

"माणूस यायच्या आधी बांधलंत," आई म्हणाली. एवढंच. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. तिने टोपडं नारळावरून काढलं, सुयांसकट स्वतःच्या पिशवीत टाकलं आणि भेंडी चिरायला बसली. बाबांचा चेहरा असा झाला की त्यांच्याकडे बघवेना. मी मनात दोघांवरही चिडले होते. मंजू भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

दिवेलागणीला मंजू म्हणाली, "आई, सकाळपासून बाळ हललेलं नाही वाटत."

टॅक्सी करून आम्ही निघालो. हॉस्पिटलात तपासून डॉक्टर म्हणाल्या, थांबण्यात अर्थ नाही, दिवस भरले नसले तरी आत्ताच काढायला हवं. जावई वडाळ्याहून धावत आले आणि सह्या करायला आत गेले. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर. बाबा एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला, मधे मी.

आईने पिशवीतून टोपडं काढलं आणि ती गाठ सोडवायला लागली. गाठ कसली सुटते! सुईच्या टोकाने, नखांनी, शेवटी दातांनी. ती सुटली आणि आई सरसर उसवत गेली. मला राहवलं नाही. "आई, काय चाललंय हे? त्या गाठीचा आणि मंजूचा काही संबंध आहे का?"

"नसेल," ती मान वर न करता म्हणाली. "पण माझ्या हातांना काहीतरी करू दे."

बाबा लांबून बघत होते. शेवटचा टाका उसवला आणि आईच्या मांडीवर कुरळ्या लोकरीचा ढीग तेवढा राहिला. तिचे हात थांबले. सुया थांबल्या की आम्ही घाबरायचो हे सांगितलंच आहे. त्या संध्याकाळी मी जितकी घाबरले तितकी आधी नाही आणि नंतरही नाही.

मग दार उघडलं. नर्स म्हणाली, "मुलगी आहे. श्वास घेतेय. पण फार लहान आहे, पेटीत ठेवायला लागेल. टोपी आणलीय का हो? आमच्याकडच्या सगळ्या ढगळ होतायत, डोक्यावर राहत नाहीत. तिला ऊब पाहिजे."

बाहेर मे महिन्यात दिवसभर तापलेला रस्ता अजून वाफा सोडत होता, आणि आमच्या घरात आलेल्या माणसाला थंडी वाजत होती. आणि टोपडं नुकतंच उसवलेलं!

आई उठली. मला वाटलं कोसळतेय. पण तिने नर्सला विचारलं, "डोकं केवढं आहे?" नर्सने मूठ वळून दाखवली, "एवढंच." आईने ती मूठ दोन्ही हातांत धरली, बोटांनी भोवती मोजली, अंगठ्याने उंची घेतली. आयुष्यभर नारळावर माप घेतलेली बाई, तिने नातीचं माप परक्या मुलीच्या मुठीवर घेतलं. "देतेच विणून," म्हणाली, आणि टाके घालायला लागली.

ती टकटक मला अजून ऐकू येते. हाताला घाम, सुई अडायला लागली. पावडर घरी. समोरच्या बाकावरच्या बाईकडे बाळंतिणीची पिशवी होती. मी मागायच्या आत तिने डबा पुढे केला. लोकर उसवून कुरळी झाली होती, गुंता व्हायला लागला. तेव्हा बाबा बाकाच्या त्या टोकावरून उठले, आईच्या पायाशी फरशीवर बसले आणि दोन्ही हातांनी लोकर मोकळी करत तिला पुरवायला लागले. आई त्यांच्याकडे न बघता घेत राहिली.

आणि लोकर तुटली.

आईचे हात जागच्या जागी राहिले. बाबांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्यांनी दोन्ही टोकं घेतली, पीळ उलगडला, ओली केली, एकावर एक ठेवून तळहातांत घासली. गाठ न मारता. कुठे तुटलं होतं ते दिसेनासं झालं. "चालव," बाबा म्हणाले.

शेंडा आला. आईने धागा टाक्यांतून ओवला, ओढला आणि टोपडं बाबांपुढे धरलं.

"बांधा. आली ती."

बाबांनी गाठ मारली. नर्स टोपडं घेऊन आत गेली, आणि माझे आई-वडील हॉस्पिटलच्या बाकावर एकमेकांना चिकटून रडत बसले. तसे ते आमच्यासमोर कधी बसले नव्हते.

ती नात आता शाळेत जाते आणि वर्गात सगळ्यात जास्त बोलते म्हणून तिची तक्रार येते. ते टोपडं मंजूकडे आहे. माझ्या मुठीलाही घट्ट होतं.

बाबांसाठी आईने कधी काही विणलं नव्हतं. "साचाखात्यात एवढी गरमी खाल्लीय, मला कसली थंडी वाजते," असं ते म्हणायचे. अलीकडे मात्र डिसेंबरात ते चादर ओढून बसायला लागले होते. आईने ते पाहिलं आणि गेल्या मे महिन्यात, ते चहा पीत असताना, मागून त्यांच्या पाठीवर वीत टाकली. बिनबाह्यांचा, राखाडी स्वेटर. खांद्यापर्यंत आला होता. मग ती आजारी पडली आणि उन्हाळा संपायच्या आत गेली.

मंजू आता थोडंफार विणते. परवा थंडी पडल्यावर तिने तो स्वेटर काढला. "बाबा, खांद्याच्या दोनच ओळी राहिल्यात. टाके बंद करून देते, घाला."

सुटा धागा दिसला की ज्यांचा हात राहत नाही, त्या माझ्या बाबांनी स्वेटर तिच्या हातून अलगद घेतला. सुयांसकट, लोंबत्या धाग्यासकट घडी घातली.

"माणूस आल्याशिवाय बंद करायचं नाही," ते म्हणाले.

"अहो बाबा, पण स्वेटर तुमच्यासाठीच आहे ना? माणूस इथंच आहे की."

"मी आहे," बाबा म्हणाले. "बांधा म्हणणारी कुठे आलीय?"