डांबराचं मलम

आज अंधेरीत आमच्या गल्लीत रस्त्यावर डांबर ओतत होते. त्या वासासरशी मला कॉलेजचा वर्ग आठवला.

तेव्हा मला सोरायसिस होता. कोपरांवरच्या खपल्यांसाठी डॉक्टरांनी कोळशाच्या डांबराचं मलम दिलं होतं. त्याचा वास इतका उग्र, की माझ्या बाकावर कुणी बसेना. एक दिवस वर्सोव्याची हेमांगी धपकन शेजारी येऊन बसली.

"अगं, वास येईल तुला," मी पुटपुटले.

"येऊ दे ना! पाणी शिरू नये म्हणून बाबा आमच्या होडीला डांबरच फासतात. मला तर घरी बसल्यासारखं वाटतंय."

कितीतरी दिवसांनी मी मोकळेपणी हसले.

मलमानं खपल्या हळूहळू कमी झाल्या. हेमांगी मात्र वर्षभर माझ्याच शेजारी बसली. घरीही तोच वास आणि वर्गातही तोच. तिलाही तो नकोसा होत असणार, हे मला आता कळतं.