तीन पाण्यांचा जवळा

१२ ऑक्टोबर १९६८, शनिवार. आजचं काम दर शनिवारचंच, माशांसाठी जवळा धुणं. घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं, जवळा म्हणजे किनाऱ्यावर उन्हात वाळवलेली अगदी बारीक कोळंबी. आम्ही कांद्यावर परतून भाकरीबरोबर खातो. माझ्याकडे तो काचेच्या पेटीतल्या माशांनाही लागतो, आणि तो धुवायला मला जानीबाईनं शिकवलं. किनाऱ्यावरच्या दांडी गावची जानीबाई, मंगळवारी आणि शनिवारी माझ्या दारी मासळी घेऊन येणारी. तिला जाऊन दीड महिना झाला. सुतक संपल्यावर सून एकटीच टोपली घेऊन आली, तेव्हा मला कळलं. म्हणजे शेवटचं तोंडही पाहिलं नाही.

ही पेटी माझी हौस नव्हे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर आलेला एक परदेशी इंजिनिअर परत जाताना ती आमच्या बोईसरच्या शाळेला देऊन गेला. हेडमास्तर म्हणाले, “बाई, हे तुम्हीच बघा,” आणि पेटी माझ्या घरी आली. नऊ मासे, ते पाळण्याविषयी एक इंग्रजी पुस्तक आणि त्यांच्या खाण्याचा डबा. डबा महिन्याभरात संपला. तसला डबा मुंबईशिवाय मिळत नाही. मग मी कणकेच्या गोळ्या करून पाहिल्या, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घातला. पाणी ताकासारखं झालं आणि दोन मासे गेले. तेव्हापासून मी पुस्तकाप्रमाणे दिवसाला एक चिमूट कोरडा पाव घालू लागले, त्याहून कणभर जास्त नाही.

जानीबाईला ते बघवेना. “पोरांना छड्या मार गो मास्तरीण, पन माशांना उपाशी कशाला मारतंस?”

“पुस्तकात तसंच लिहिलंय.”

“पुस्तक लिवनाऱ्याचा बाप दर्यावर गेलेला काय?”

एका शनिवारी मी मासळीसाठी पातेलं आणायला आत गेले, तेवढ्यात तिनं टोपलीतला मूठभर जवळा पेटीत टाकला. मला बोलली नाही. मंगळवारी ती आली, तेव्हा नुकताच मेलेला एक मासा मी चिमट्यानं बाहेर काढत होते. माझा चेहरा पाहून तिनं विळी मागितली. ओटीवर बसली, बोटाएवढा तो मासा उभा चिरला आणि आतडं नखावर पसरलं. फुगलेला जवळा स्पष्ट दिसत होता. जिभेच्या टोकाला लावून ती थुंकली.

“माजाच हाय. खारा. ही गोड्या पान्यातली जात, हिला मीठ नाय सोसायचं... मीच मारला.”

ती गप्प राहिली असती तर मी पावाला दोष दिला असता. माझ्या नोकरीत स्वतःची चूक अशी चिरून दाखवणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

त्या दिवसापासून माशांच्या जेवणाचा कारभार तिनं घेतला. जन्मभर मासे साफ केलेली बाई. कोणाच्या पोटात काय सापडतं ते तिला पाठ होतं. ती पेटीसमोर उकिडवी बसे आणि एकेकाचं तोंड न्याहाळे. “याचं थोबाड वर वळलंय, हा वरचं तरंगतं खानार. तो मिशीवाला खाली बगतोय, त्याला तळाशी पडंल असं दे. आनि तो पोटाळ्या, त्याचं आतडं लांब असनार, त्याला पाला लागंल.” म्हणून वरच्यांना जवळ्याची पूड, मिशीवाल्याला अख्खे तुकडे, पोटाळ्याला माठाचा उकडलेला पाला. जवळा तीन पाण्यांनी धुवायचा, प्रत्येक पाण्यात घटकाभर भिजवायचा. तिसऱ्या पाण्यानंतर जिभेवर ठेवायचा, खारट लागला तर चौथं पाणी. आणि आयतवारी सगळ्यांना उपास. पुस्तक मी कपाटात ठेवलं. उरलेल्या सहांपैकी एकही मासा त्यानंतर गेला नाही.

यंदा पावसाळ्यात तिचे पाय सुजले. मीच तिला पालघरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, मीठ बंद, सुकी मासळी बंद. मी ती चिठ्ठी तिच्या भिंतीवर चिकटवली आणि सुनेला बजावलं, घरात जवळ्याचा दाणा दिसता कामा नये. दर रविवारी मी दूधभात घेऊन दांडीला जायची. ती दोन घास घेई आणि भिंतीकडे वळे.

“जरा जवळा भाज गो कांद्यात. दोन चिमटी.”

“नाही म्हणजे नाही.”

“पेटीतल्यांना देतंस, मना नाय?”

“ते मासे आहेत. तू आजारी आहेस.”

ती हसली. “मंग मना पन पेटीत घाल.” त्यानंतर तिनं मागितलं नाही. आणि फारसं खाल्लंही नाही. पुढचे दोन रविवार शाळेच्या कामात माझं जाणं झालं नाही, आणि तेवढ्यात ती गेली.

आज दुसरं पाणी ओतताना माझा हात थांबला. मीठच नको होतं ना? ते काढायची रीत तिनंच मला शिकवली होती आणि दर शनिवारी मी ती माशांसाठी करत होते. बोटभर माशासाठी तीन पाणी काढायला मला कधी वेळ अपुरा पडला नाही. डॉक्टरांना विचारायचं तर एवढंच होतं, धुऊन चालेल का? कदाचित ते नाहीच म्हणाले असते. पण मी विचारलं नाही. चिठ्ठी हातात आली की माझी अक्कल चिठ्ठीपुरतीच चालते... तिला हे माझ्याबद्दल पुस्तकाच्या दिवसापासून ठाऊक होतं.

पुढचं रविवारी लिहिते आहे. सकाळी उठून मी कालच्या जवळ्यातला मूठभर काढून घेतला आणि आणखी एका पाण्यातून काढला. कांदा चिरला, थोड्या तेलावर जवळा परतला, मीठ घातलं नाही. तांदळाची भाकरी केली आणि ओटीवर, पेटीसमोर बसून खाल्ली. चव अळणी होती. तिनं नावं ठेवली असती, पण खाल्लं असतं. मासे काचेशी येऊन तोंडं उघडत होते. आयतवार होता, त्यांना काही घातलं नाही.