युनियननं विचारलं तेव्हा

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमाराला मी बेळगावच्या कॉलेजात इंटरच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या वर्गात होतो. उचगावहून सायकलीनं यायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. त्यामुळं कॉलेजात जे जे घडतं ते तसंच घडायचं असतं, अशी माझी समजूत होती. ती मोडली आमच्या युनियनच्या सेक्रेटरीनं.

विद्यार्थ्यांची युनियन म्हणजे तेव्हा गॅदरिंग, वादविवाद आणि क्रिकेटचं सामान. सेक्रेटरी व्हायचा तोही बहुधा एखाद्या वकिलाचा नाहीतर मामलेदाराचा मुलगा. त्या वर्षी मात्र वडगावच्या एका विणकराचा मुलगा निवडून आला. सकाळी घरच्या मागावर बसायचा, साडीचं काम थोडं पुढं सरकवायचा आणि मग कॉलेजात यायचा. उंच, किडकिडीत, हळू बोलणारा. वयानं मोठा म्हणून मराठी मुलं काय आणि कन्नड मुलं काय, सगळेच त्याला अण्णा म्हणत.

युनियनच्या पहिल्याच बैठकीत गॅदरिंगला कुठलं नाटक करायचं यावर बराच वाद झाला. अण्णानं तो होऊ दिला आणि शेवटी विचारलं, "आपण सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलतो. पण त्यांचं हितं कसं चाललंय, हे त्यांना कुणी कधी विचारलंय काय?"

कुणीच विचारलं नव्हतं. मग ठरलं की दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजातल्या प्रत्येकाला विचारायचं. कन्नड बोलणाऱ्यांना बोरगावकडचा एक कन्नड मित्र विचारील, मुलींना फर्स्ट इयरमधली निपाणीची एक मुलगी, आणि खेड्यांतून आलेल्या मुलांना मी. जो जे सांगेल ते त्याचं नाव न घेता पुढं न्यायचं, ही अण्णाची अट होती. काहींना हे सगळं रिकामपणचं वाटलं. मलाही थोडं वाटलं, पण अण्णाला नाही म्हणणं जमलं नाही.

पहिले काही दिवस माझ्या हाती काहीच लागलं नाही. मी मुलांना गाठायचो आणि काही अडचण आहे का म्हणून विचारायचो. सगळ्यांचं उत्तर एकच, काय न्हाय, बरं हाय. मी तसं अण्णाला सांगितलं, तेव्हा तो हसला.

"अडचण इचारली तर कोण सांगणार रं? तुला तरी कुणी इचारलं असतं तर सांगितलं असतंस व्हय? काल सकाळपास्नं काय काय केलंस, एवढंच इचार. आणि मग गप ऐकत बस."

मी तसं करू लागलो आणि मुलं बोलू लागली. कुणी इंग्रजी व्याख्यान डोक्यावरून जातं म्हणून नुसतं फळ्यावरचं उतरून घेत होता. कुणाला लायब्ररीत आत जाऊन पुस्तक मागायचं धाडस झालं नव्हतं. निपाणीच्या मुलीनं आणलेली हकीकत तर आम्हा मुलांच्या कधी ध्यानातही आली नव्हती. मधला तास मोकळा असला की मुलींना बसायला जागाच नव्हती. जिन्याखाली भिंतीला पाठ लावून त्या उभ्या राहायच्या. आम्ही रोज त्याच जिन्यानं वर जात होतो.

या सगळ्यांत एक मुलगा कायमचा माझ्या लक्षात राहिला. कोगनोळीचा, फर्स्ट इयरचा, शेवटच्या बाकावर बसणारा. दुपारी तो किल्ल्याच्या खंदकाकडं एकटाच जाऊन बसायचा. मी दोनदा त्याच्याबरोबर नुसताच बसलो. तिसऱ्या खेपेला त्यानं आपणहून सांगितलं. पहिल्या आठवड्यात हजेरीला त्यानं मोठ्यानं "पिरझंट सर" म्हटलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. पुढं मुलं त्याला व्हरांड्यातसुद्धा पिरझंट म्हणूनच हाक मारू लागली. तेव्हापासून हजेरीला तो तोंडच उघडत नव्हता. प्रोफेसर खाली मान घालून नावं वाचायचे, उत्तर आलं नाही की गैरहजेरी मांडायचे. रोज वर्गात बसूनही तो गैरहजर होता, आणि हजेरी भरली नाही तर टर्म मिळणार नव्हती, म्हणजे परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"मग सांग की सरांस्नी," मी म्हणालो.

"सांगाया गेलतो," तो म्हणाला. "दारापतोर गेलो आणि आलो माघारी. तिथं बी बोलायचंच हुतं न्हवं."

हे मी अण्णाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो प्रिन्सिपॉलसाहेबांकडं गेला. मीही बरोबर होतो. साहेब करड्या शिस्तीचे, पण न्यायी. मुलींची हकीकत ऐकताच त्यांनी जिन्याजवळची एक खोली मोकळी करून द्यायचं कबूल केलं. या मुलाचं ऐकल्यावर मात्र त्यांनी नाव विचारलं. नावाशिवाय आपण काही करू शकत नाही, युनिव्हर्सिटीचा नियम आहे, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचंही नव्हतं.

अण्णा उभाच होता. तो म्हणाला, "सर, नाव सांगणार नाही या भरवशावर त्यानं सांगितलंय. तो आपणहून तयार झाला तरच सांगेन."

साहेबांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं आणि जायला सांगितलं. बाहेर आल्यावर मी अण्णाला व्हरांड्यातच थांबवलं. मुलाचं वर्ष वाया जाईल, नाव सांगून मोकळा हो, असं मी अण्णाला म्हटलं. तो म्हणाला, वर्ष त्याचं आहे, त्यालाच ठरवू दे. मग तो खंदकाकडं जाऊन त्या मुलाला भेटला. मुलगा नको म्हणाला. अण्णानं त्याला जराही आग्रह केला नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी युनियननं हॉलमध्ये सभा घेतली. प्रोफेसर मंडळीही पुढं बसली होती. जे ऐकलं होतं ते अण्णानं मराठीत सांगितलं आणि बोरगावकडच्या मित्रानं कन्नडमध्ये. भाषण असं नव्हतंच. घरी आल्यावर माणूस दिवसभराचं सांगतो तसं ते होतं. हजेरीची हकीकत आली तेव्हा अण्णानं तो शब्द उच्चारलासुद्धा नाही. एक विद्यार्थी बोलला आणि वर्ग हसला, म्हणून तो आता बोलत नाही, एवढंच सांगितलं. हसलेले सगळे तिथंच बसले होते.

सोमवारी त्या वर्गात काय झालं ते मला निपाणीच्या मुलीनं सांगितलं. प्रोफेसरांनी प्रत्येक नावाला मान वर करून वर्गाकडं पाहिलं. कोगनोळीच्या मुलाचं नाव आलं, उत्तर आलं नाही. ते थांबले. तेव्हा ती निपाणीची मुलगीच पहिल्या बाकावरून उठली. मुलींनी वर्गात आपणहून बोलण्याची तेव्हा रीत नव्हती. ती म्हणाली, "सर, ते पहिल्या दिवसापासून रोज वर्गात आहेत. मी साक्ष देते." तिच्यामागं आणखी काही मुलं उठली, त्यांत सगळ्यात जास्त चिडवणाराही होता. आणि मग शेवटच्या बाकावरून तो स्वतः उठला आणि म्हणाला, "मी हाय, सर." या वेळी कुणी हसलं नाही.

तास संपल्यावर तो आपणहून अण्णाला घेऊन प्रिन्सिपॉलसाहेबांकडं गेला आणि आपलं नाव सांगितलं. प्रोफेसरांनीही वर्गाच्या साक्षीवर शब्द टाकला. त्याला टर्म मिळाली. साहेबांनी अण्णाला मागं थांबवून घेतलं आणि म्हणाले, त्या दिवशी तू मला नाव सांगितलं असतंस तर मी ते घेतलं असतं, पण तुझ्याबद्दलचं माझं मत उतरलं असतं. हे अण्णानं आम्हांला कधी सांगितलं नाही. खुद्द साहेबांकडूनच मला फार पुढं कळलं.

पुढच्या वर्षी अण्णा निवडणुकीला उभा राहिला नाही. वडिलांची नजर अधू झाली होती, मागाचं काम त्याच्यावरच आलं होतं. कोगनोळीचा मुलगा मात्र उभा राहिला. हॉलमधल्या स्टेजवर चढून आपल्या गावच्या बोलीत, न अडखळता बोलला आणि थोड्या मतांनी पडला. संध्याकाळी आम्ही त्याचं सांत्वन करायला गेलो, तर तोच आम्हांला शहापूरच्या एका हॉटेलात घेऊन गेला आणि कुणाकुणाची मतं आपल्याला का मिळाली नाहीत, हे हसत हसत सांगत बसला.