चढावरचं वजन

बंगलोरला आले तेव्हा मी पंचविशीची होते. एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. नोकरीसाठी एवढ्या लांब गेलेली आमच्या नागपूरच्या घरातली मी पहिलीच मुलगी. चामराजपेटेत एका मराठी घराच्या गच्चीवरची खोली मिळाली. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असायचं, आणि माझं मराठी ऐकून त्यांना हसू यायचं. पण जिन्यावर भेटलो तर दोन शब्द, एवढाच आमचा संबंध. त्यांचे यजमान आजारी होते आणि मी कामात, निदान तसं दाखवत तरी होते.

आठवडा कसाही निघून जायचा. रविवार जायचा नाही. सकाळी कपडे धुवायचे, दुपारी झोपायचं, संध्याकाळी एसटीडी बूथच्या रांगेत उभं राहून आईशी बोलायचं. ती विचारायची, "काय जेवलीस?" मग मी सांगायचे. सांगून झालं की दिवसभरातलं माझं बोलणं संपलं.

ऑफिसातला एकजण अमेरिकेला गेला. त्या वर्षी रोज कुणीतरी जातच होतं. जाताना त्याची दहा गिअरची सायकल मी घेतली. घेतली ती केवळ रविवारसाठी. पहिल्याच रविवारी पहाटे मेखरी सर्कलजवळ सात-आठ सायकलवाले उभे दिसले, आणि त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने हात करून मला थांबवलं. सीट फार खाली आहे म्हणाला. स्वतःच्या पिशवीतून पाना काढून त्याने ती वर केली आणि विचारलं, "आना है?"

त्यांना सगळे मास्टर म्हणत. एका कारखान्यात कामाला होते आणि तरुणपणी राज्याकडून शर्यतीत उतरले होते. बाकीचे आपसात कानडीत बोलत, माझ्याशी तुटक हिंदीत. पण सायकलवर बोलावंच लागत नाही, आणि मला तेच आवडलं. पुढच्या चाकामागे आपलं चाक ठेवायचं, वाऱ्याच्या आडोशाने जायचं. कुणाच्या तरी इतक्या जवळ मी बंगलोरात दुसरीकडे कुठेही नसायचे.

महिन्याभराने आम्ही नंदी हिल्सला गेलो. सपाट रस्त्यावर मी सगळ्यांबरोबर होते. चढ लागला आणि पहिल्याच वळणावर सगळे माझ्यासमोरून एकेक करून नाहीसे झाले. पुढचा सगळा चढ मी एकटीने, मधे दोनदा उतरून, ढकलत पुरा केला. मास्टर शेवटच्या वळणावर थांबले होते.

"पेडलिंग अच्छा है," ते म्हणाले. "चढाई में थोडा वेट का खयाल रखना."

एवढंच म्हणाले ते. तेव्हा माझं वजन अठ्ठावन्न किलो होतं आणि उंची पाच फूट चार इंच. आज मला कळतं की त्यात आजारी असं काहीच नव्हतं. चढासाठी चार किलो कमी असते तर बरं, इतकंच त्यांना म्हणायचं होतं. मी दुसऱ्याच दिवशी वजनकाटा आणला आणि पलंगाखाली ठेवला.

पहिले चार किलो सहज गेले. ऑफिसच्या कँटीनमधली संध्याकाळची भजी सोडली, चहातली साखर सोडली, रोज कामाला सायकलने जाऊ लागले. पुढच्या वेळी नंदीला मी उतरले नाही. वर पोचले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकजण "सूपर!" म्हणाला. तो शब्द मी आठवडाभर मनात घोळवत होते. माझ्याविषयी कुणी काही म्हणावं असं दुसरं काही माझ्या आयुष्यात घडतच नव्हतं.

तिथे थांबायला हवं होतं. पण तोवर मला एक वेगळीच सोय सापडली होती. खोलीवर परत आल्यावरची वेळ मला सगळ्यात जड जायची. एका माणसापुरता भात लावायचा, एक ताट घ्यायचं, भिंतीकडे तोंड करून जेवायचं आणि ते एकच ताट घासायचं. जेवलंच नाही तर हे सगळं टळत होतं. मी एक केळं खायचे आणि लवकर झोपायचे. पोटात भूक असली की दुसऱ्या कशाचा विचार करायला जागाच उरत नसे. सकाळी काटा थोडा खाली सरकलेला दिसला की वाटायचं, काल संध्याकाळी आपण काहीतरी कमावलं. बूथवर आईने विचारलं की मी भरल्या वांग्यापासून सुरुवात करायचे. इतकं बारकाईने सांगायचे की ती म्हणायची, "एकटीसाठी एवढं करतेस? शहाणी गं माझी बाई."

पन्नास झाले. मग अठ्ठेचाळीस. सलवारीला दोनदा टीप घातली. केसांत फणी घातली की झुपका हातात यायचा. डिसेंबरात ऑफिसात सगळे पंखा लावायचे आणि मी स्वेटर घालून बसायचे. पाळी आधी लांबली, मग बंदच झाली. मला ती पीडा गेल्यासारखं वाटलं. रविवारची काळजी मिटली, एवढाच अर्थ मी त्याचा लावला.

आणि चढावर मी हळू होत गेले. हे मला समजेच ना. वजन कमी होत होतं, मग पाय का जड होत होते? मी ठरवलं की अजून कमी व्हायला हवं.

जानेवारीत एका रविवारी आम्ही होसकोट्याकडे गेलो. सगळा सपाट रस्ता, त्यामुळे बेत सोपा होता. परतताना समोरून वारा सुटला. मी पुढच्या चाकापासून आधी हातभर मागे पडले, मग सायकलभर. मग ते चाक दिसेनासं झालं. हाक मारायला तोंड उघडलं, पण कुणाला काय म्हणून हाक मारायची ते सुचेना. एक लॉरी जवळून गेली आणि ब्रेक दाबायला गेले तर बोटं वळेनात. ती माझी बोटं नव्हतीच जणू. कशीबशी रस्त्याच्या कडेला उतरले आणि एका बस थांब्याच्या कट्ट्यावर बसले. ऊन होतं तरी दात वाजत होते. समोरून बसगाड्या जात होत्या, माणसं चढत-उतरत होती. आपण इथेच बसून राहिलो तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही यायचं नाही, हा विचार मी अगदी शांतपणे केला. त्याची भीती वाटली नाही. त्या भीती न वाटण्याची आज मला भीती वाटते.

मास्टर परत आले. त्यांनी सायकल आडवी टाकली, माझं मनगट हातात घेतलं. त्यांची दोन बोटं मनगटाभोवती फिरून एकमेकांवर आली होती.

"खाना खाती है?"

"हां."

"झूठ," ते म्हणाले. रागावले नव्हते. मग खाली बघत म्हणाले, "मैंने बोला था वेट का खयाल रखो. कहां रुकना है, वो नहीं बोला. वो मेरी गलती."

कोपऱ्यावरच्या हॉटेलातून त्यांनी गरम दूध आणलं, भरपूर साखर घालून. माझ्या हाताने पेला धरवेना, म्हणून त्यांनी धरला. आमच्या दोन्ही सायकली बसच्या टपावर चढल्या. उतरताना ते म्हणाले, डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय माझ्याबरोबर यायचं नाही. ती डॉक्टर कोण, तेही त्यांनीच सांगितलं. मल्लेश्वरमला दवाखाना असलेली त्यांची चुलत बहीण.

डॉक्टरीणबाईंनी उंची मोजली, वजन केलं. त्रेचाळीस. आम्ही इंग्रजीत बोललो. त्यांनी पाळीचं विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पीडा गेली असं वाटलं ना तुला? पाळी थांबते तेव्हा हाडंही झिजायला लागतात. या वयात मजबूत झाली नाहीत तर पुढे होत नाहीत."

मी विचारलं, "माझ्या उंचीला बरोबर वजन किती?" मला एक आकडा हवा होता. तो मिळाला की मी तो पाळणार होते.

"साधारण पन्नासपासून पासष्टपर्यंत."

"एवढा फरक? त्यातलं माझं कुठलं?"

"ते मला आज सांगता येणार नाही. सायकल चालवणारी आहेस, बांधा बारीक आहे, तर खालच्या बाजूला असशील. पण पाळी नियमित येईल, थंडी वाजणार नाही, चढ चढून दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल, ते तुझं वजन. त्याच्या खालचं कुठलंच तुझं नाही." मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "जेवतेस कुणाबरोबर?"

आतापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांना मी उत्तरं दिली होती. ह्या प्रश्नावर मी रडायला लागले आणि थांबताच येईना. बाहेर रांगेत बसलेल्या बायकांना ऐकू जात असणार. डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं नाही.

त्या संध्याकाळी मी जिना उतरून अक्कांच्या दारात उभी राहिले. पैसे देऊन जेवण मिळेल का, असं विचारायचं पाठ करून गेले होते. अक्का दारातच म्हणाल्या, "बा, आत ये की. आजारी हाईस काय गं?"

"अक्का, मी तुमच्याकडे जेवू का?"

"इतके दिवस का नाही विचारलीस? मला वाटलं, तुम्ही नोकरीची माणसं, तुम्हाला आमचं सारू-भात कुठं आवडतंय." मग म्हणाल्या, "यजमानांना सहालाच भरवून निजवायला लागतं. मग मी एकटीच बसते इथं. एकटीला घास उतरत नाही बघ."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आम्ही दोघी एकाच घरात, वर आणि खाली, दीड वर्ष एकेकट्या बसलो होतो.

पण समोर पान वाढलं म्हणून लगेच जेवता येतं असं नाही. पहिले कित्येक दिवस चार घासांनंतर मी भात पानातच चिवडत बसायचे. भातावर तूप पडताना मी नजर दुसरीकडे वळवायचे. अक्कांनी का, कसं, काहीच विचारलं नाही. "स्वल्प, स्वल्पच," म्हणत त्या वाढायच्या आणि आपल्या पानावरून उठायच्या नाहीत. माझं होईपर्यंत माहेरच्या गोष्टी सांगत राहायच्या. नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, त्यांनी मला गिळायला शिकवले. ते चावायचे नसतात. कधी मी अर्ध्यावरून उठून वर निघून जायचे. दुसऱ्या दिवशी त्या तसंच पान मांडायच्या.

वजनकाटा मी दवाखान्यात नेऊन दिला. तिथे मला काट्याकडे पाठ करून उभं राहावं लागे. आकडा डॉक्टरीणबाईंनाच दिसे. त्या फक्त "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणायच्या. माझे कपडे घट्ट व्हायला लागले तेव्हा मी आरशासमोर उभी राहून घाबरले. कुणीतरी आपल्याकडून काहीतरी हिसकावून घेतंय असं वाटायचं. रविवारी पहाटे जाग यायची. मेखरी सर्कलला आता सगळे जमले असतील, हे कळायचं. मी छताकडे बघत पडून राहायचे.

पावसाळा संपता संपता एका दुपारी ऑफिसात पाळी आली. मी बायकांच्या स्वच्छतागृहात दार लावून बसले आणि हसले. आनंद झाला होता, खूप. आणि तो सांगायला त्या अख्ख्या मजल्यावर कुणीही नव्हतं. संध्याकाळी बूथवर गेले. नागपूर लागलं, आईचा आवाज आला. माझ्यामागे तीन-चार पुरुष रांगेत उभे होते. मी म्हटलं, "काही नाही गं, सहजच केला." ती म्हणाली, "आवाज बरा वाटतोय तुझा." तेवढ्यावर मी फोन ठेवला.

सायकलवर परत बसायला मला आणखी काही महिने लागले. आधी फक्त ऑफिसपर्यंत, मग रविवारी अर्ध्या वाटेपर्यंत. एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वळ आता, बघ." त्रेपन्न. गेले दोन-तीन महिने तिथेच आहे, म्हणाल्या. मी रोज पोटभर जेवत होते आणि ते आपोआप तिथे थांबलं होतं. ज्या चढावर मला टाळ्या मिळाल्या होत्या, तेव्हाही मी जवळपास एवढीच होते. एवढी पायपीट करून मी त्याच जागी परत आले होते. हे कळल्यावर वाईट वाटलं, आणि हलकंही.

तोपर्यंत मास्टर निवृत्त होऊन हासनकडे आपल्या गावी गेले होते. मी पुन्हा चढ चढते, हे त्यांना दाखवायचं राहून गेलं. गट विखुरला. कुणी लग्न केलं, कुणी परदेशी गेलं.

नंदीला मी एकटीच गेले, एका सुट्टीच्या दिवशी. मेखरी सर्कलला थांबलेसुद्धा नाही. समोर धरायला चाक नव्हतं, म्हणून वारा सगळा अंगावर घेतला. चढ लागल्यावर हलका गिअर टाकला आणि श्वास मोजल्यासारखी वर जात राहिले. पाय दुखत होते, पण ते माझेच होते. शेवटचं वळण कधी संपलं ते कळलं नाही.

वर दाट धुकं होतं. कठड्यापाशी एक मोठं कुटुंब फोटोसाठी ओळीत उभं होतं, आणि कॅमेरा धरायला कुणी नव्हतं. त्यांनी मला बोलावलं. मी फोटो काढला, मग त्यांच्या आग्रहाने आणखी एक. त्यांच्यातल्या बाईंनी डबा उघडून पुळियोगरे माझ्यापुढे केली आणि विचारलं, "ओब्बरे बंदिद्दीरा?" एकट्याच आलात?

"हौदु," हो, मी म्हटलं आणि त्यांच्या सतरंजीच्या कडेला बसले. भात आंबट-तिखट होता, शेंगदाणे करकरीत. मी पुरता खाल्ला, आणि त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा घेतला. मग ते सगळे गाडीकडे निघाले. मुलं हात हलवत गेली. मी हात धुतले, स्वेटर घातला आणि उतारावर सायकल सोडली.