हात आत असेपर्यंत बोलायचं

शहाडच्या गावठाणात नवरा गप्प बसला की बायका देवापुढे साखर ठेवतात. सरस्वती केणेचं मात्र उलटं. शिवराम टेबलाशी बसून बोलायचा थांबला तर तो मेला असं धरायचं आणि मेन स्विच पाडायचा, हे त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. बरोबरीच्या नव्या नवऱ्या माथेरान बघून आल्या, हिने मेन स्विच बघितला.

शिवराम म्हणजे व्हॉल्व्हवाला. जवळच्या एका कंपनीच्या इलेक्ट्रिक खात्यात तेहेतीस वर्षं भरली, पण ओळख राहिली ती ओटीवरच्या टेबलाची. जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह जगातून गेले असं सगळे धरून चालले होते, तेवढ्यात गिटार वाजवणाऱ्या पोरांनी ते परत आणले. त्यांच्या महागड्या अँप्लिफायरला अजून तेच लागतात. दोन-चार वर्षांनी ते थकतात, आवाज चिरकायला लागतो, मग नवी जोडी बसवायची. आणि नुसती बसवून भागत नाही. कोणत्या व्हॉल्व्हने किती करंट ओढायचा ते माप लावून द्यावं लागतं. पोरं त्याला बायसिंग म्हणतात. शिवराम म्हणतो, "नवी सून आणली की पहिल्याच दिवशी ताट किती वाढायचं ते ठरवायचं. कमी वाढलं तर तोंड पाडून बसते, जास्त वाढलं तर लाल होऊन जळते." त्याला एकच मुलगी, भाविका, ती डोंबिवलीला दिलेली. घरात सून आलीच नाही, म्हणून तो असलं बोलू शकतो.

गोम अशी की हे माप सेट बंद ठेवून घेता येत नाही. खोक्यातून काढलेला सांगाडा टेबलावर पालथा, चालू, आत साडेचारशे व्होल्ट, आणि त्या तारांच्या गर्दीत मीटरचं टोक बरोब्बर टेकवायचं, मग बारीक स्क्रू चिमूटभर फिरवायचा. प्लग काढला तरी आतली वीज लगेच जात नाही, गावातल्या भांडणासारखी मुरून बसते.

शिवरामला हे काम शिकवलं विठ्ठलवाडीच्या भिवाजी मास्तरांनी. मास्तर एका दुपारी दुकानात स्टुलावर ताठ बसलेले सापडले, हात सेटात, जीव गेलेला. समोरचा रेडिओ चालू होता, भावगीतं लागली होती, आणि तासभर रस्त्यावरून जाणारी माणसं मास्तर गाणी ऐकताहेत असं समजून पुढे जात होती. एक गिऱ्हाईक तर "घाई नाही, उद्या येतो" असं त्यांना सांगूनही गेलं.

तेव्हापासून शिवरामचा नियम. डावा हात खिशात, म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडायला वाट नको. उजवा हात सेटात. आणि तोंड चालू. मीटरचे आकडे मोठ्याने म्हणायचे, आकडे संपले की गावातली लफडी सांगायची, पण हात आत असेपर्यंत बोलायचं. वीज धरते तेव्हा माणसाचा आवाज पहिला बंद पडतो. सरस्वती आतल्या दाराशी, स्विचखाली, बसकं स्टूल घेऊन. चाळीस वर्षांत तिला दोनदा स्विच पाडावा लागला आणि दोन्ही वेळा शिवराम शिव्या देत उठून बसला.

आता आळीतलं एक उघडं गुपित. सरस्वतीला गेली दोन वर्षं ऐकू येत नव्हतं. डावा कान गेला, मग उजवाही गेल्यातच जमा. शेजारची विमलाबाई तिच्याशी समोर उभं राहून, ओठ ताणून बोलायची. भाजीवाल्यालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त शिवरामला. बायको उत्तर देत नाही हे बहिरेपणाचं लक्षण असेल, असं कुठल्या नवऱ्याच्या डोक्यात येतं? तिनेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने टेबल बंद केलं असतं, आणि टेबल बंद झालेला शिवराम तिने कल्पनेत बघून ठेवला होता. तो दिवसभर कट्ट्यावर बसून घोरपडीसारखा ऊन खात होता. म्हणून ती त्याच्या जबड्यावर नजर ठेवायची. जबडा हलतोय तोवर माणूस जिवंत.

शिवरामनेही तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. दिवाळीपासून त्याचा उजवा हात कापत होता. तो बशी सोडून स्टीलच्या पेल्यातून, तोही अर्धाच भरलेला, चहा प्यायला लागला होता. "बशीत चहा निवतो," म्हणे.

अशात एका मंगळवारी घोडबंदर रोडवरून सुशांत आला. आयटीतला, तिशीचा, ट्रॅफिकमध्ये दोन तास शिजून आलेला. गाडीच्या मागच्या सीटवर अँप्लिफायरला सीटबेल्ट लावून आणला होता.

"काका, शनिवारी ठाण्याला शो आहे. नवीन व्हॉल्व्ह आणलेत, मॅच्ड पेअर."

"पत्रिका बघून आणलेत म्हणजे," शिवराम म्हणाला.

"हो, दोघांचे आकडे जुळतात."

"आकडे आमचेपण जुळलेले. संसार वेगळाच निघतो."

सुशांत हसला. "रिस्की असतं ना हे? यूट्यूबवर सगळे सांगतात, स्वतः हात घालू नका."

"म्हणून तर तू माझा हात शोधत आलास," शिवराम म्हणाला, आणि तो हात लेंग्याला पुसून मागे घेतला.

सुशांत सेट ठेवून गेला. दुपारी जेवण झाल्यावर शिवरामने सांगाडा पालथा घातला. नवे व्हॉल्व्ह बसवले. सरस्वती स्टुलावर बसली. स्विच लागला, काचेच्या आत नारळाच्या शेंडीला लागलेल्या विस्तवासारखा बारीक तांबूस धागा उजळला. शिवरामने डावा हात खिशात घातला.

"तीस," तो म्हणाला. "एकतीस. त्या नयनने परत गाडी घेतली, हप्ते बाप भरतो. बत्तीस. जरा पुढं. तेहेतीस."

त्याच वेळी विमलाबाई वाटी घेऊन मागच्या दाराने आली. सुकटीची चटणी होती. तिने सरस्वतीच्या खांद्याला हात लावला, सरस्वती वळली, आणि स्विचवरचा हात वाटी घ्यायला खाली आला.

शिवरामचा हात कापला. अगदी एवढासा, डास बसावा इतका. मीटरचं टोक पिनेवरून घसरून बाजूच्या पत्र्याला लागलं. निळा जाळ, चट्ट असा आवाज, आणि फ्यूज गेला. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत त्याला कुणीतरी आतून खरवडलं. हात सुटला म्हणून तो वाचला. तो गप्प बसला.

बसून राहिला. जळक्या वासात, हात मांडीवर धरून. स्विच पडायची वाट बघत होता. पाच मोजले, दहा मोजले. सरस्वती पाठमोरी, बोट चटणीत बुडवून विमलाबाईला सांगत होती की मीठ जरा कमी हाय.

"सरस्वती," तो साध्या आवाजात म्हणाला, "मी मेलो."

ती वळली नाही. विमलाबाईचा मात्र चेहरा वाटीसारखा पांढरा पडला. शिवरामने तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच विमलाबाई एक बातमी पोटात घेऊन घरी गेली, आणि संध्याकाळपर्यंत ती तिच्या पोटात दुखत राहिली.

त्या रात्री शिवराम हिशेब करत पडला होता. ही उत्तर देईनाशी झाली त्याला दोनेक वर्षं, तेवढ्यात किती सेट झाले असतील? वीस? प्रत्येक वेळी आपण भिंतीला आकडे सांगत होतो. प्रत्येक वेळी ही तिथे होती आणि नव्हती. भिवाजी मास्तरांच्या दुकानासमोरून गेलेली माणसं त्याला एकेक करून आठवली. पण सकाळी उठून तो तिला काही बोलला नाही. कान विचारावा तर ती म्हणेल टेबल बंद करा, आणि मग कापणारा हातही तिच्या नजरेला पडेल.

त्याने कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून आणली.

"ही दोरी कनाला?" सरस्वतीने विचारलं.

तो तिच्यासमोर आला, ओठ सावकाश हलवत म्हणाला, "शेजारी मिक्सर लय वाजतो. माझा आवाज पोचत नाय तुझ्यापर्यंत. ही दोरी. दर आकड्याला एक ओढ देईन. ओढ थांबली की स्विच पाड."

तिच्या चेहऱ्यावरून दोन वर्षांचं ओझं उतरलेलं त्याला स्पष्ट दिसलं. बिचारा मिक्सर फुकटचा बदनाम झाला.

"करंट येल ना दोरीतून?"

"नायलॉनमधून नाय येत."

दोरीचं एक टोक तिच्या मनगटाला, दुसरं त्याच्या उजव्या कोपराला. झटका बसला तर तो तिथेच बसणार. फ्यूज बदलला, सगळं तपासलं, स्विच लावला. डावा हात खिशात.

पहिल्या व्हॉल्व्हला ओढी नीट गेल्या. तीस, ओढ. बत्तीस, ओढ. चौतीसवर त्याने स्क्रू सोडला आणि दुसऱ्याकडे वळला. वळताना हात हवेत थांबला आणि कापायला लागला. जबड्यावरून काही कळलं नसतं, जबडा व्यवस्थित नयनच्या गाडीबद्दल बोलत होता. पण दोरीतून ती थरथर सरळ सरस्वतीच्या मनगटावर उतरली, गळाला लागलेल्या माशासारखी.

तिने खाडकन स्विच पाडला.

"काय झालं?" शिवराम म्हणाला. "मी बोलतोय ना."

"हे काय?" तिने दोरी धरून दाखवली. बंद सेटासमोरही दोरी हलत होती.

मान खाली घालून त्याने डाव्या हाताने कोपर धरलं.

"कवापासून?"

"दिवाळीपासून." मग मान न उचलताच, "आणि तुझा कान?"

"काय?"

"कान तुझा, कान," तो ओरडला. पलीकडच्या भिंतीशी विमलाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"दोन वर्षं झाली," सरस्वती म्हणाली.

शिवराम म्हणाला, "त्या सुशांतला सांगतो, सेट घेऊन जा म्हणून. दुसरीकडं कुठंतरी..."

"दुसरीकडं कोण हाय?"

कल्याणला नाही, ठाण्याला नाही. दोघांनाही ते माहीत होतं.

"किती राहिलंय?"

"एक."

सरस्वतीने दोरीचे दोन वेढे मनगटावर घेतले, मधली ढील संपवली. मिक्सरवाल्या भिंतीकडे एकदा बघितलं, मग फक्त त्याच्या कोपराकडे. दुसरा हात स्विचवर ठेवला आणि तो लावला. काचेत धागे सावकाश तांबडे होत गेले. शिवरामने डावा हात खिशात घातला, उजवा आत नेला आणि तीस म्हणाला. दोरी थरथरत होती. त्यातली ओढ कुठली आणि कंप कुठला, हे तिला आता मनगटाने ओळखायचं होतं, आणि शिकायला तेवढा एकच व्हॉल्व्ह उरला होता.