श्यामकांतभावजींचा पत्ता

जर्मनीत भाड्याचं घर मिळतं ते बहुतेक वेळा स्वयंपाकघराशिवाय. भिंतीतून दोन नळ्या बाहेर आलेल्या, बाकी नुसती खोली. ओटा, सिंक, कपाटं आपली आपण आणायची आणि बसवायची. स्टुटगार्टातल्या आम्हा मराठी लोकांची निम्मी स्वयंपाकघरं श्यामकांतभावजींनी बसवून दिलीत. माणूस मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कंत्राटावर इंजिनियर. पण शनिवार आला की ड्रिल घेऊन कुणाच्या ना कुणाच्या दारात हजर. पैशांचं नाव काढलं की रागवायचे. थालीपीठ मात्र मागून घ्यायचे, आणि लोणी कमी पडलं तर तोंडावर सांगायचे. मला अशी माणसं आवडतात. माझ्या नवऱ्याला, म्हणजे कुमारला, असं मोकळं वागणं कधी जमलं नाही.

२००९ साली मंदी आली, गाड्या खपेनात. कंत्राटी लोकांना आधी घरी बसवलं, त्यात भावजीही गेले. हे आम्हाला माहीत होतं. पण नोकरी गेलेल्या माणसाला आपण थेट कुठे विचारतो? "हल्ली कुठे असता?" असं विचारायचं, म्हणजे कामधंद्याचं काय ते त्यानेच समजून सांगावं. गणपतीच्या आरतीनंतर चारुलताने, आमच्या मंडळाच्या कारभारणीने, त्यांना तेच विचारलं. भावजी म्हणाले, "इथेच, नेकर नदीच्या काठी."

त्यांनी प्रश्न सरळ घेतला, खरं तेच सांगितलं. आणि आम्ही शहाण्यांनी काय ऐकलं? नदीकाठच्या नव्या इमारतींची भाडी ठाऊक असलेली आम्ही माणसं. म्हटलं, भावजींना दुसरी दणदणीत नोकरी लागली. झालं, चिडवाचिडवी सुरू. गुपचूप घर घेतलंत, पार्टी बुडवलीत, आता वास्तुशांतीचं जेवण कधी? त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले, मला वाटलं लाजतायत. पत्ता काही त्यांनी दिला नाही.

चारुलता सोडते होय! ऑक्टोबरातल्या एका रविवारी तिने समई आणि पेढे घेतले, मला नि कुमारला बरोबर घेतलं, आणि निघाली नदीकाठी दारावरची नावं वाचत. इमारती संपल्या, नाव कुठे दिसेना. पुढे पूल होता. वसंतात त्या पुलाखाली दोन-तीन तंबू असायचे, आता ओळच्या ओळ लागली होती. प्लास्टिकचे कागद, सुपरमार्केटच्या ढकलगाड्या, दोरीवर वाळणारे मोजे. चारुलताने नाकाला ओढणी लावली आणि म्हणाली, "वाढतच चाललेत बाई हे लोक." मराठीत म्हणाली, कोण ऐकणार म्हणून.

शेवटच्या तंबूसमोर एक माणूस पुलाच्या खांबाला आरसा टेकवून दाढी करत होता. तो वळला. भावजी होते.

अर्ध्या गालाला साबण तसाच. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं, त्यांना काय झालं असेल! पण ते म्हणाले, "या, बसा." आणि सतरंजी अंथरली. मी बसले. चारुलता समईची पिशवी पाठीमागे धरून उभीच राहिली.

मग त्यांनी सांगितलं. घर कंपनीचं होतं, कंत्राटाबरोबर तेही गेलं. सांगलीला बायकोला, नीताला, अजून काही कळू दिलेलं नाही. शहराच्या निवाऱ्यात जायची लाज वाटली. पण आता ड्रेस्डेनच्या एका कंपनीने होकार दिलाय; अडलंय ते व्हिसापाशी. परदेशी लोकांच्या ऑफिसला आन्मेल्डुंग लागतं, म्हणजे तुम्ही कुठे राहता त्याची सरकारी नोंद. ती महिनाअखेरीच्या आत झाली नाही तर नोकरीही गेली आणि व्हिसाही. नोंदीसाठी पत्ता हवा, आणि पत्र पोचायला पेटीवर नाव हवं.

ते कुमारकडे न बघता बोलले. "राहायला येणार नाही मी. नुसतं नाव लावू द्याल का, तुमच्या पेटीवर?"

कुमार म्हणाला, "बघू."

'बघू'चा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको. जर्मन माणूस सरळ नाही म्हणतो आणि मोकळा होतो. भावजींनी मान हलवली, "हो हो, बघा सावकाश," म्हणाले, जणू तेच आमची समजूत काढत होते. मला इतकी लाज वाटली की पेढ्यांचा डबा तिथेच ठेवून उठले. आमच्या ओट्याला पाठ मोडेपर्यंत स्क्रू मारलेला माणूस, आणि त्याला बघू!

घरी आल्यावर मी कुमारला नाही नाही ते बोलले. त्याचं एकच पालुपद, घरमालक काय म्हणेल, उद्या पोलीस आले तर. मंगळवारी तो ऑफिसला गेल्यावर मी चिठ्ठीवर भावजींचं नाव लिहिलं, पेटीवर आमच्या नावाखाली डिंकाने चिकटवलं, आणि त्यांना फोन केला. ते म्हणाले, नाव पासपोर्टातल्यासारखंच हवं, संध्याकाळी येऊन एकदा बघून जातो.

संध्याकाळी जिन्यात आवाज आला म्हणून मी खाली धावले. कुमार ऑफिसातून येऊन पेटीसमोर उभा होता, बॅग खांद्यालाच, आणि नखाने चिठ्ठी खरवडत होता. उघड्या दारात भावजी. शर्टाला इस्त्री कुठून केली होती देव जाणे. त्यांनी सगळं बघितलं होतं.

कुमारचा हात थांबला. मी भांडायला तोंड उघडलं, पण भावजीच पुढे आले.

"नखाने नको, कुमार. डाग राहतो, मग घरमालक डिपॉझिटमधून कापतो."

त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, रुमाल ओला केला आणि आपलं नाव हलक्या हाताने पुसून काढलं. कुमार भिंतीकडे बघत राहिला. भावजींनी रुमाल पिळला, घडी केली, आणि मला म्हणाले, "वहिनी, माझा चष्मा तंबूत राहिलाय. नीट निघालं का, तेवढं बघता?"

मी वाकून बघितलं. "निघालं," म्हटलं.