उरलेला धवला

गावाचं नाव सांगणार नाही. माजिवड्याच्या चौकातून रिक्षा केली की खाडीच्या अंगाला, चहूकडून टॉवरनी घेरलेलं एक जुनं आगरी गाव लागतं, एवढं पुरे. नावाशिवाय ज्याचं अडतंय त्याने आधी गोष्ट ऐकावी, मग विचारावं. नुसतं नाव झाकून काही झाकलं जात नाही, हेही त्यातच येईल.

तिथल्या काळुरामची मुलगी कल्पिता. काळुरामचं तरुणपण मिठागरात गेलं. मीठ ओढून ओढून पायांना पडलेल्या भेगा अजून तशाच आहेत, फक्त आता ते पाय गुळगुळीत फरशीवरून चालतात. मिठागरं बंद पडली, बांधालगतची जमीन बिल्डरने घेतली, घरावर मजले चढले, दारात गाडी आली. माणूस मात्र होता तसाच राहिला. बोलणं कमी. पांढरी टोपी डोक्यावरून कधी उतरायची नाही, घरातसुद्धा नाही. गावचे पंच एकत्र बसतात त्या बैठकीला तिकडे गावकी म्हणतात. त्या गावकीत काळुराम सगळ्यांत शेवटी बोलायचा, आणि तो बोलला की बैठक संपली असं समजून लोक चपला शोधायला लागायचे.

मुलीवर त्याचा फार जीव. भाऊबंद म्हणायचे, पोरगी किती शिकवशील, लग्नाचं बघ. हा ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पुस्तकांसाठी नवं कपाट आणायचा. अशी कल्पिता एमए झाली, नेट पास झाली आणि कल्याणच्या कॉलेजात राज्यशास्त्रात पीएचडी करायला लागली. राज्यशास्त्र म्हटल्यावर आत्या-मावश्या विचारायच्या, मग नगरसेवक कधी होतेस? कल्पिता हसायची. तिला नगरसेवक व्हायचं नव्हतं. महानगरपालिका आली, वॉर्ड आले, पोलीस चौकी आली, तरी गाव खरं कोण चालवतं, हे तिला लिहून काढायचं होतं.

तिच्या मार्गदर्शक हेमांगी मॅडम डोंबिवलीच्या. विषय ऐकून त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "अगं कल्पिता, बाहेरच्या माणसाला ही माणसं दारात उभं करणार नाहीत. तू घरातली आहेस. फक्त एक नियम पाळायचा. कुणाचंही नाव घ्यायचं नाही. त्यांनी सांगितलं तरी थांबवायचं. आपल्यामुळे कुणाच्या केसालाही धक्का लागता कामा नये."

नियम चांगला होता. त्याबद्दल कुणी मॅडमना बोल लावू नये.

कल्पिता पहिल्यांदा गेली ती आवडाबाईकडे. आवडाबाई गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन देवांना, पितरांना मांडवात बोलावणारी बाई. तिकडच्या जुन्या घरांत भटजी नसला तर एक वेळ चालेल, धवलारणीवाचून हळद लागत नाही. बारशापासून कल्पिता तिला आत्या म्हणायची. म्हातारीने भाकरी आणि सुकटीचं कालवण पुढे ठेवलं आणि कल्पिताने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

आधी गाणं झालं. आवडाबाईने विचारलं, "कोनाच्या नावानी म्हनू गो? रिकामा धवला म्हनत नाय. नवरदेवाचं नाव लागतं."

"धनेशच्या नावाने म्हण," कल्पिता हसून म्हणाली. धनेश तिचा धाकटा भाऊ. त्याच्या लग्नाचं तेव्हा कशात काही नव्हतं. म्हातारीने डोळे मिटले आणि अख्खा धवला म्हटला. गावदेवीला बोलावलं, समुद्राला बोलावलं, आणि मिठागराच्या बांधालाही बोलावलं. तिचा नवरा त्याच बांधावर साप चावून गेला होता. कल्पिताने घरी येऊन ते गाणं आईच्या फोनवर पाठवलं. आई किती दिवस तेच ऐकत भांडी घासायची.

गाण्यानंतर आवडाबाई आपणहून बोलली. सरोज नावाची एक विधवा होती गावात. जमिनीच्या पैशांत सासरचे वाटा देईनात, म्हणून ती कोर्टात गेली. गावकीला ते लागलं. गावातलं भांडण गावाबाहेर नेलं म्हणजे काय. पुढे सरोजच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा गावातलं एकही माणूस मांडवात गेलं नाही. आवडाबाईसुद्धा गेली नाही. तिला तसा निरोप होता.

"मुकं लगीन लागलं पोरीचं," म्हातारी म्हणाली. "मी माज्या घरात बसून होती. दोन घरं सोडून मांडव, आनि मी बसून. बैठकीत सगले गप होते. मंग शेवटाला तो उठला आनि बोलला का धवलारीन जानार नाय. तो कोन म्हायती हाय तुना?"

"नाव नको, आत्या," कल्पिताने तिचा हात धरला. "आमच्या संशोधनात नावं घेत नाहीत."

आवडाबाईने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

लेख झकास झाला. कल्पिताने गावाचं नाव बदललं, बाईचं वय बदललं, धवलारणीला 'क्ष' केलं. डोंबिवलीच्या परिसंवादात तिने तो वाचला. परराष्ट्र धोरण शिकवणारे एक प्राध्यापक उठून म्हणाले, "देश देशांवर निर्बंध लादतात ते हेच. व्यापार बंद, विमानं बंद, बोलणं बंद. इथे फक्त गाणं बंद केलं." लोकांनी मान डोलावली. लेखातलं एक वाक्य तर दोघा-तिघांनी वहीत उतरवून घेतलं: 'हा पंच शब्दाने नव्हे, मौनाने राज्य करतो.'

आता तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली पोरगी, शेवटी बोलणारा पंच म्हटल्यावर हिला कुणीच आठवलं नाही? नाही आठवलं. रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाला संशोधनात कोण शोधतं.

लेख एका मासिकात छापून आला. कुणीतरी त्याचे फोटो काढले आणि ते फिरत फिरत गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडले. कल्पिता निर्धास्त होती. शिव्या पडल्याच तर आपल्याला पडतील, असं तिने धरलं होतं. पण तिला कुणी चकार शब्द बोललं नाही. उलट बायका हसून बोलत होत्या, पोरं 'मॅडम' म्हणून चिडवत होती.

आणि मग लग्नसराई आली. गावात पहिली हळद लागली, तिथे बाहेरगावची धवलारीण. दुसरीकडे तीच. तिसऱ्या घरी कल्पिताने विचारलं, आवडाआत्याला बरं नाही का? त्या घरच्या बाईने हातातलं काम न सोडता सांगितलं, "बरी हाय की. तिला कशाला बोलवाची? ती मंग कालेजात जाऊन सांगते."

कल्पिताला कळेना, लेखात नाव कुठे होतं? गावाचंही नव्हतं. ती घरी धावली, लेख काढला, पुन्हा वाचला, आणि मग तिला दिसलं. लेखाच्या सुरुवातीलाच तिने धवल्याचं वर्णन मोठ्या हौसेने केलं होतं, मिठागराच्या बांधाला हाक मारण्यासकट. जन्मापासून एकाच बाईचे धवले ऐकलेल्या या मुलीला वाटलेलं, सगळ्याच धवलारणी बांधाला बोलावतात. लोकगीत म्हणजे सगळ्यांचं, असं पुस्तकात वाचलेलं. बांधाला बोलावणारी बाई अख्ख्या पट्ट्यात एकच होती, आणि ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तिने हेमांगी मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "पण आपण नाव तर बदललं होतं ना?" मग त्यांनी विचारलं, "गावाने बहिष्काराचा ठराव केलाय का? त्याविरुद्ध कायदा आहे आपल्याकडे. तक्रार करता येते." तीच तर मेख होती. कुणी ठराव केला नव्हता, कुणी बैठक घेतली नव्हती. नुसतं कुणी नारळ घेऊन आवडाबाईच्या दारात जात नव्हतं. धवलारणीला नारळ देऊन बोलवायचं असतं, आणि नारळ दिला नाही म्हणून पोलीस कुणाला धरणार?

त्याच सुमाराला धनेशचं ठरलं. घरात खरेदी, पत्रिका, सगळी गडबड. कल्पिताला हायसं वाटलं. आपल्या घरून नारळ गेला की गावाची काय छाती आहे नाही म्हणायची. बापाचा शब्द तिला माहीत होता. तिने जेवताना विषय काढला. "बाबा, आवडाआत्याला नारळ कधी द्यायचा?"

काळुरामने घास खाली ठेवला. आई उठून आत गेली.

"तुजा लेख वाचला मी," तो म्हणाला. "दोनदा वाचला. तो शेवटाला बोलनारा. मौनानी राज करतो तो." तो थांबला. "बरोबर लिवलंस. तो मीच."

कल्पिताला आत्याने बाजूला सारलेलं ते ताट दिसलं. म्हातारी नाव सांगत होती, आणि आपण तिचा हात धरून तिला गप्प केलं. बापाचंच नाव होतं ते.

"मग आता आत्याला?" तिने कसंबसं विचारलं.

"मी नारल दिला तं सरोजच्या वेळंला मी चुकलो असा अर्थ होतो," काळुराम म्हणाला, आणि ताटात पाणी ओतून उठला. रागावलेला नव्हता तो. त्यामुळेच तिला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच नारळ घेऊन आवडाबाईकडे गेली. म्हातारीने नारळाला हात लावला नाही. "ह्यो तुजा नारल हाय. घराचा नाय. तुज्या बापसाला घेऊन ये."

हळदीचा दिवस उजाडला. गल्लीभर मांडव, डीजेच्या स्पीकरचे डबे रचलेले, पंच पुढच्या खुर्च्यांवर. बाहेरगावची धवलारीण ऐन वेळी आजारी पडली. संध्याकाळी धनेश पाटावर बसला, बायका हळदीची वाटी घेऊन उभ्या राहिल्या, आणि आता म्हणायचं कुणी? तेवढ्यात कल्पिताच्या आईने आपला फोन डीजेवाल्याच्या हातात दिला. बिचारीच्या मनात पाप नव्हतं. सोपी वाट सापडली होती तिला.

डब्यांतून आवडाबाईचा आवाज आला. गावदेवीला बोलावलं, समुद्राला बोलावलं. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज. बायकांचे चेहरे सुटले, हळद लागायला लागली, पंच खुर्चीत रेलून ऐकू लागले. बाई नको होती, आवाज चालत होता. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आवाज घेऊन बाई पुसायची, हे आपणच या लोकांना शिकवलं, असं कल्पिताच्या मनात आलं. ती बायकांना ढकलत पुढे गेली आणि तिने फोन ओढून काढला. बांधाचं नाव यायच्या आत गाणं तुटलं.

हळदीचे हात धनेशच्या गालाशी थांबले. काळुराम हळू आवाजात म्हणाला, "लाव ते." तिने फोन मुठीत दाबून धरला आणि सरळ मांडवातून बाहेर पडली.

आवडाबाई उंबऱ्यावर बसली होती, अंगावर धवले म्हणायला जाताना नेसायचं हिरवं लुगडं. कल्पिता तिच्यासमोर उकिडवी बसली. काहीतरी चांगलं करून आल्यासारखं वाटत होतं तिला, अजूनही.

"मधीच कशाला तोडलंस गो?" म्हातारी म्हणाली. "धनेशचं नाव यायचं होतं पुढं. अर्ध्यात सोडला धवला तं पोराला लागत नाय."

कल्पिताने मुठीतला फोन उंबऱ्यावर ठेवला.

"घाबरू नको. उरलेला मी म्हनला हितं बसून. बांधापासून शेवटपरीन. पोराचं काय वाईट नाय व्हायचं."

कल्पिता उठून मांडवात परत आली आणि बापासमोर उभी राहिली. पंच ऐकत होते, तरी तिने आवाज खाली केला नाही. "बाबा, उरलेला धवला आत्याने तिच्या उंबऱ्यावर बसून म्हटला. धनेशसाठी."

काळुरामने विचारलं, "पुरा म्हनला?"

"पुरा."

तो उठला. देवापुढच्या ताटातला नारळ त्याने उचलला. पंचांतला एक म्हणाला, कालू, बस खाली. हा थांबला नाही. कल्पिता मागोमाग.

आवडाबाईने त्याला येताना पाहिलं आणि लुगड्याचा पदर सावरला. काळुरामने नारळ पुढे धरला. तोंडाने काही बोलला नाही, सवयच नव्हती.

"सरोजच्या दारात गेलास कवा?" आवडाबाईने विचारलं.

"नाय."

"मंग आदी तिला. तिच्या पोरीचं मुकं लगीन आपन दोघांनी लावलं. तिथून आलास का मी येते. उद्याचा लग्नाचा धवला बाकीच हाय."

काळुराम नारळ हातात घेऊन उभा राहिला. सरोजचं घर तिथून दोन घरं सोडून. मांडवातले लोक आता गल्लीत येऊन बघत होते, डीजेवाल्यासकट. कल्पिताला वाटलं, हा परत फिरणार. तो वळला, दोन घरं ओलांडली आणि त्या दारासमोर थांबला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि काखेत धरली. बापाचं उघडं डोकं कल्पिताने पहिल्यांदाच पाहिलं. म्हातारा झाला होता तो.

दार बंद होतं. त्याने कडी वाजवली.